समृद्धीत गेलेलं वावर : एका महामार्गाच्या नावाचा शोध

येळाकेळीजवळच्या एका चहाच्या टपरीवर ओळख निघाली तेव्हा समोरच्या गृहस्थांनी आपली माहिती एका वाक्यात सांगितली, “सर, आमचं दोन एकर वावर समृद्धीत गेलं.” सांगताना आवाजात तक्रार नव्हती की अभिमानही नव्हता. मुलगी अमरावतीला दिली, थोरला पुण्याला असतो, आणि दोन एकर समृद्धीत गेलं. एवढ्याच सहजतेने ते बोलले. मी मात्र वही काढली. वर्ध्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवण्यात आयुष्य गेल्याने काही खोडी जडल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे जिल्ह्यातल्या रस्त्यांची, चौकांची आणि शेतांची नावे टिपून ठेवणे.

‘समृद्धी’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आमच्या बोलीत कधी नव्हता. पोळ्याला किंवा लक्ष्मीपूजनाला भटजींच्या तोंडी ऐकू येई तेवढाच. पुस्तकी मराठीत समृद्धी येते, नांदते, लाभते. या जिल्ह्यात गेल्या आठ-नऊ वर्षांत त्या शब्दाला एक नवेच क्रियापद जोडले गेले. समृद्धीत जाणे. वावर जाते, विहीर जाते, बांधावरची झाडे जातात. धरणात गाव जाते, त्याच व्याकरणाने. शब्द वरून आला आणि त्याची विभक्ती खालच्यांनी ठरवली, असे भाषेच्या इतिहासात नेहमी घडते. पण इतक्या थोड्या वर्षांत घडताना पाहण्याची संधी क्वचित मिळते.

या रस्त्याचे खरे, म्हणजे शासकीय, नाव ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग’ असे आहे. सहा शब्दांचे हे नाव एका दमात म्हणणारा माणूस मला जिल्ह्यात अजून भेटलेला नाही. एखाद्या कवितेची करावी तशी या नावाची समीक्षा करावी, हे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. नावही शेवटी एक संहिताच असते. तिला लेखक असतात, वाचक असतात, पाठभेद असतात आणि राजकारण तर असतेच.

आधी पाठभेद पाहू. २०१५ मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना या रस्त्याची घोषणा झाली. कागदोपत्री तो ‘नागपूर-मुंबई शीघ्रसंचार द्रुतगती मार्ग’ होता. ‘शीघ्र’ आणि ‘द्रुत’ हे दोन समानार्थी शब्द एकाच नावात बसवणाऱ्या अनुवादकाचे मला नेहमी कौतुक वाटते. वेगाची एवढी खात्री दुसऱ्या कोणत्याही भाषेने दिली नसती. तरी त्या नावात एक प्रामाणिकपणा होता. रस्ता कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो, ते त्यात सांगितले होते. त्यावर लगेचच ‘समृद्धी’चा थर चढला. इथे गावांची जागा आश्वासनाने घेतली. तिसरा थर डिसेंबर २०१९ चा. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेव्हा मंत्रिमंडळाने रस्त्याला बाळासाहेबांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. त्या मंत्रिमंडळात काँग्रेसचे आणि राष्ट्रवादीचे मंत्रीही होते. ‘हिंदुहृदयसम्राट’ ही उपाधी त्यांच्या उपस्थितीत शासकीय भाषेत गेली, ही नोंद पुढच्या इतिहासकाराला उपयोगी पडेल. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले, तेव्हा नाव देणारे विरोधात बसले होते आणि सत्तेत होते ते त्याच नावावर आपला वारसा सांगणारे. शेवटचा टप्पा इगतपुरी ते आमणे. तो ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. या सगळ्या उलथापालथीत नावाला मात्र कोणी हात लावला नाही. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे ज्यावर एकमत आहे अशा फार थोड्या गोष्टींपैकी हे नाव एक.

रस्त्यांना पदाधिकाऱ्यांची नावे देण्याची चाल जुनी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे काम युती सरकारच्या काळात सुरू झाले आणि नाव लागले ते काँग्रेसच्या यशवंतराव चव्हाणांचे. पण यशवंतराव राज्याचे पहिले मुख्यमंत्री होते. त्या पदाचा, त्या काळाचा आणि राज्याच्या पायाभरणीचा संदर्भ त्या नावाला आहे. बाळासाहेबांनी कधी निवडणूक लढवली नाही आणि कोणतेही शासकीय पद घेतले नाही. सत्तेचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती आहे, असे ते स्वतःच सांगत. खुर्चीवर न बसण्यात ज्यांची ताकद होती, त्यांचा सन्मान शासनाने केला आणि तोही उपाधीसह. उपाधी लोकांनी द्यायची असते आणि शासनाने नाव तेवढे लिहायचे असते, असा माझा जुनाट समज आहे. ‘लोकनायक’ अणे आणि ‘लोकमान्य’ टिळक यांच्या बाबतीतही तो पाळला गेलेला नाही, हे मला मान्य आहे.

नावातला मला सर्वांत बोलका वाटणारा शब्द चौथा आहे. ‘महाराष्ट्र’. मुंबईतून पाहणाऱ्याला तो भरतीचा वाटेल. रस्ता महाराष्ट्रात आहे, म्हणून महाराष्ट्र. विदर्भातून तो तसा वाचता येत नाही. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती. फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला, त्यातली आश्वासने झाली, आणि मग दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजलेला अनुशेष आला. आमच्या पिढीने ‘अनुशेष’ हा शब्द गणिताआधी वर्तमानपत्रात वाचला. रस्त्याची आखणी चालू होती त्याच काळात, मार्च २०१६ मध्ये, वेगळ्या राज्याविषयी बोलल्यामुळे श्रीहरी अणे यांना महाधिवक्तापद सोडावे लागले. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता. त्याला सर्वांत ठाम विरोध कोणाचा होता? बाळासाहेबांचा. महाराष्ट्र अखंडच राहील, यावर त्यांनी कधी तडजोड केली नाही.

नागपूरला मुंबईशी बांधणाऱ्या रस्त्यावर अखंड महाराष्ट्राच्या सर्वांत आग्रही पुरस्कर्त्याचे नाव आहे आणि शेजारी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आहे, असे वाचले की हे नाव म्हणजे एक युक्तिवाद आहे हे दिसते. विदर्भवाद्यांशी चाललेल्या साठ वर्षांच्या वादात शासनाने डांबर आणि काँक्रीटमध्ये दिलेले ते उत्तर आहे. हे उत्तर चूक आहे, असे मी म्हणत नाही. मी स्वतः विदर्भवादी नाही. पुण्या-मुंबईत शिकलेली मुले आणि तिथली नातवंडे असलेल्या माणसाला तसे होणे अवघड जाते. पण उत्तर देताना ज्याचा प्रश्न होता त्याला निदान विचारावे लागते. नामकरणाची ती चर्चा इथे कुठे झाली नाही. जी काही झाली ती पक्षापक्षांत. बाळासाहेबांचे नाव की अटलबिहारी वाजपेयींचे, एवढाच तिचा आवाका होता. या दोघांखेरीज तिसरे नाव असू शकते आणि ते या मातीतले असू शकते, ही शक्यता त्या चर्चेत नव्हती.

इथे कोणी म्हणेल की वर्ध्याला बाळासाहेबांचे वावडे आहे. तसे नाही. हिंगणघाटने एकाहून अधिक वेळा शिवसेनेचा आमदार निवडून दिला आहे. गंमत म्हणजे समृद्धी हिंगणघाट तालुक्यातून जातच नाही. ती सेलू, वर्धा आणि आर्वी या तीन तालुक्यांतून साठेक किलोमीटर जाते.

त्याच काळात नागपूरच्या बाजूला काय घडले तेही पाहावे. २६ जानेवारी २०२१ रोजी गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाला बाळासाहेबांचेच नाव दिले गेले. तिथे आदिवासी संघटनांनी विरोध केला. ही भूमी गोंडांची आहे, नाव गोंडवानाचे द्या, असे त्यांचे म्हणणे होते. विरोध नोंदवला गेला आणि नाव राहिले. पुढे ‘आपला दवाखाना’ आला, शेतमालाचा ‘स्मार्ट’ प्रकल्प आला, सगळ्यांच्या आधी तेच नाव. रस्ता, वाघ, ताप आणि तूर यांना एकच नाव लागले की ते नाव कशाचेच राहत नाही. हा तोटा शेवटी बाळासाहेबांच्याच स्मृतीचा आहे, असे मला वाटते.

आमच्या जिल्ह्याला नावे बदलण्याचा अनुभव कमी नाही. १८६२ मध्ये जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीला आले, त्या वाडीवर शहर उभे राहिले आणि नदीचे नाव शहराला मिळाले. पालकवाडी हे नाव आज कोणाच्या तोंडी नाही. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेला त्यांनी पुतण्या मगनलाल यांच्या स्मरणार्थ ‘मगनवाडी’ म्हटले. म्हणजे माणसाचे नाव जागेला देण्याचे गांधीजींनाही वावडे नव्हते. पण तिथे मगनलालांनी आयुष्यभर केले तेच काम चालणार होते. नाव आणि जागा यांचा उद्योग एक होता. १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले त्याचे कारण तर अगदी व्यवहारी होते. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जात. पोस्टमनची अडचण दूर करण्यासाठी दिलेले नाव जगाच्या नकाशावर गेले.

आणि मग बॅचलर रोड. वर्धा शहराची आखणी करणाऱ्यांमध्ये बॅचलर आणि क्रॅडॉक या दोन इंग्रज साहेबांची नावे सांगतात. त्यांतल्या पहिल्याचे नाव एका रस्त्याला राहिले. मी शिकायला वर्ध्यात आलो तेव्हा खोली शोधत होतो. कोणीतरी म्हणाले, बॅचलर रोडला बघ. अविवाहित विद्यार्थ्यांना तिकडेच खोल्या देत असतील, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली आणि ती दोन वर्षे टिकली. पुढे माझ्या विद्यार्थ्यांना विचारले तर वर्गातल्या निम्म्यांची तीच समजूत निघाली. सरकारी अधिकाऱ्याच्या नावाचा हा रस्ता दीडशे वर्षांच्या या शहरात घट्ट रुजला आहे. लग्नपत्रिकेत छापला जातो, रिक्षावाल्याला सांगता येतो. साहेब कोण होता, त्याने काय केले, हे मात्र पार पुसले गेले. मुंबईचा एस. व्ही. रोड, पुण्याचा जे. एम. रोड आणि गावोगावचे एम. जी. रोड यांचे हेच झाले आहे. देशात सर्वाधिक रस्त्यांवर ज्यांचे नाव असेल त्या गांधीजींची दोन इंग्रजी अक्षरे उरली आणि त्या रस्त्यांवर बहुधा कापडाची आणि सोन्याची दुकाने आहेत.

लोक रस्त्याला नाव कसे देतात? तो जिथे नेतो त्या गावावरून किंवा त्यावर जे भेटते त्यावरून. आर्वी रोड, नागपूर रोड, हिंगणघाट रोड. आर्वी नाका, सोशालिस्ट चौक, निर्मल बेकरी चौक. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, सातचा चव्वेचाळीस झाला, सहाचा त्रेपन्न झाला. जाम चौरस्त्यावर उभा असलेला माणूस अजून ‘हैदराबाद रोड’च म्हणतो. मग समृद्धीला लोकांनी ‘मुंबई रोड’ का म्हटले नाही? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर टपरीवरच्या त्याच गृहस्थांनी दिले. “त्याच्यावर आमाले कुठं जाऊ देते?”

खरेच आहे. दुचाकीला बंदी, ऑटोला बंदी, बैलगाडीला बंदी. पायी चालण्याचा तर प्रश्नच नाही. आमच्या जिल्ह्यात दोन जागी चढता-उतरता येते, येळाकेळीला आणि आर्वीकडे विरूळला. मधल्या गावांसाठी हा रस्ता म्हणजे एक लांबच लांब भराव आहे, ज्याच्या पलीकडे जायला बोगदा शोधावा लागतो. तुम्ही ज्या रस्त्याने जात नाही, त्याला गंतव्याचे नाव कसे देणार? म्हणून त्याचे नाव पडले ते तो काय घेऊन गेला यावरून. आणि त्या सहा शब्दांची पाटी ज्यांना दिसते ते ताशी एकशेवीसच्या वेगात असतात. पाटी वाचायला वेळ असणारा माणूस भरावाच्या खाली उभा आहे.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाचा प्रस्ताव होता, त्याला विरोध झाल्यावर थेट खरेदी आली आणि बाजारभावाच्या पाचपट दर मिळाला. कोरडवाहू कापसाच्या जमिनीला एवढा पैसा आमच्याकडे कधी कोणी पाहिला नव्हता. सावकार फिटला, घर झाले, मुलीचे लग्न झाले, अशी घरे मला ठाऊक आहेत. टपरीवरच्या गृहस्थांचे घरही त्यांतलेच. आर्वीकडच्या संत्र्याला मुंबई जवळ आली, हेही खोटे नाही. ‘समृद्धीत गेलं’ या वाक्यात म्हणूनच शोक ऐकू येत नाही. एक हिशेब मिटल्याचा सूर आहे.

शोक ऐकू आला तो १ जुलै २०२३ ला. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ जण गेले. त्यांत वर्ध्याचेही होते. पुढे बरेच दिवस दारोदारी एकच वाक्य होते, “समृद्धीवर गेला.” तोच शब्द, आता सप्तमीत नव्हे तर ‘वर’ या शब्दयोगी अव्ययासह, आणि ‘जाणे’ या क्रियापदाचा तिसरा अर्थ. महिनाभरात, १ ऑगस्टला, शहापूरजवळ तुळईचे यंत्र कोसळून २० कामगार गेले. त्या दिवसांतली कात्रणे मी जपून ठेवली आहेत. अपघाताच्या बातमीत रस्ता ‘समृद्धी’ असतो आणि उद्घाटनाच्या जाहिरातीत पूर्ण सहा शब्दांचा. मृत्यूच्या शेजारी नेत्याचे नाव छापू नये, हा संपादकीय संकोच मला माणुसकीचा वाटतो. पण त्यातून हेही कळते की सन्मानाचे नाव फक्त सन्मानाच्या दिवसापुरते असते. बाकीच्या दिवसांचा सगळा भार ‘समृद्धी’ या बिचाऱ्या शब्दाला वाहावा लागतो.

आता आणखी एक रस्ता येऊ घातला आहे. शक्तिपीठ महामार्ग, आठशेदोन किलोमीटर, घोषित आराखड्याप्रमाणे पवनार ते पत्रादेवी. यावेळी नाव माणसाचे नाही, देवीचे आहे. त्यामुळे नावावरून भांडण होणार नाही आणि जमिनीवरून चालले आहे ते कोल्हापुराकडे चालूच आहे. मला खटकते ते त्याचे सुरुवातीचे टोक. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. १९५१ मध्ये विनोबा चालत निघाले आणि पुढची तेरा-चौदा वर्षे चालत राहिले. गावोगावी जमीन मागत होते. घेत होते ती भूमिहीनाला देण्यासाठी. भूदानातली किती जमीन लागवडीची निघाली आणि किती खडकाळ, हा वाद आहे, आणि तो खरा आहे. तरी जमीन मागण्याची एक रीत ज्या गावातून देशभर गेली, त्याच गावातून भूसंपादनाची मोजणी सुरू व्हावी आणि रस्त्याच्या नावात त्या माणसाची आठवणही कोणाला होऊ नये, याचे नवल वाटते. विनोबांचे नाव द्या, अशी मागणी मी करणार नाही. सहापदरी रस्त्याला त्यांचे नाव म्हणजे आणखी एक एम. जी. रोड.

दसऱ्यानंतर पुन्हा येळाकेळीला गेलो. ते गृहस्थ वावरातच होते. कापसाचा पहिला वेचा चालू होता. घरी नेऊन त्यांनी सातबारा दाखवला. गेलेल्या दोन एकरांवर आता मालक म्हणून राज्य रस्ते विकास महामंडळ आहे. त्या कागदावर बाळासाहेब नाहीत आणि समृद्धीही नाही. मी विचारले, या वावराला तुमच्याकडे काय म्हणत? आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असते; आंब्याचं, नाल्यावरचं, बुढीचं. ते म्हणाले, “हे पूर्ण बाभळीचं होतं. बाभूळ मधातच होती, ते रस्त्यात गेली.” उरलेले दोन तुकडे रस्त्याच्या दोन अंगांना आहेत. घराकडच्या तुकड्याला अजून ‘बाभळीचं’च म्हणतात, बाभूळ नसली तरी. पलीकडच्या तुकड्याला जायला बोगद्यातून दीड किलोमीटरचा वळसा पडतो. त्याचे नाव विचारले तर त्यांना क्षणभर सांगता येईना. आतून त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “आमी त्याले मुंबईकडचं म्हणतो, भाऊजी.”